२०,२७० बहिणींतली एक

चार पायांवर ती उभी असते, समोरच्या माणसाकडे किंचित झुकून. काचेखालचं तिचं अंगण साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं आणि तिचा सारा स्वभाव त्या उतारावर बेतलेला आहे. वर गेलेला चेंडू खाली येणारच. खाली येऊन तो बटण दाबताच उसळणाऱ्या दोन फ्लिपरांमधल्या फटीत गडप होण्याआधी जितक्या वेळा वर धाडता येईल तितक्या वेळा धाडायचा, एवढंच तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्याचं काम. चेंडू पोलादाचा, २७ मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम ८० ग्रॅम वजनाचा. ती स्वतः मात्र सव्वाशे किलोच्या घरातली. तिला जिन्यावरून बेसमेंटमध्ये उतरवायचं तर दोन-चार धडधाकट माणसं लागतात, आणि एकदा तिथे बसली की ती सहसा हलत नाही.

नाव 'द ॲडम्स फॅमिली'. जन्म १९९२ चा, शिकागोचा. काचेवर नाव बॅली कंपनीचं. पण बॅली तेव्हा विल्यम्स कंपनीत सामील झालेली होती. चार्ल्स ॲडम्स या व्यंगचित्रकाराने 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात १९३८ पासून एक विक्षिप्त, काळोखात रमणारं कुटुंब रंगवलं. ते १९९१ मध्ये चित्रपटाच्या पडद्यावर आलं आणि त्या चित्रपटावरून पॅट लॉलर आणि लॅरी डीमार या दोघांनी हे पिनबॉल यंत्र घडवलं. अशी २०,२७० यंत्रं विकली गेली. इलेक्ट्रॉनिक पिनबॉलमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लाभलेला नाही.

म्हणजे ती दुर्मीळ नाही. तिच्या पिढीतली तिच्याइतकी मुबलक दुसरी कुणी नाही. तरीही आज चांगल्या स्थितीतली ॲडम्स फॅमिली घरी आणायची तर दहा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपये मोजावे लागतात. नीट डागडुजी करून नवीसारखी केलेली असेल तर त्याहूनही जास्त. जे मुबलक आहे ते इतकं महाग का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या स्वभावात आणि तिच्या आयुष्यात आहे.

आधी स्वभाव. ती अबोल नाही. चित्रपटात गोमेझ आणि मॉर्टिशिया या ॲडम्स दांपत्याच्या भूमिका करणाऱ्या राउल जूलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी खास या यंत्रासाठी संवाद बोलून दिले. राउल जूलिया १९९४ मध्ये गेले. पण आजही कुणी प्लंजर, म्हणजे स्प्रिंगचा दांडा, ओढून चेंडू सोडला की त्यांचा उमदा, उसळता आवाज तिच्या लाकडी पेटीतून येतो आणि खेळणाऱ्याला हुरूप देतो. अंगणाच्या मधोमध ॲडम्सांचा वाडा आहे. त्यातल्या १२ खोल्या एकेक करून जिंकायच्या. प्रत्येक खोलीचं आव्हान वेगळं. पुस्तकांच्या कपाटावर चेंडू आदळत 'ग्रीड' हा शब्द अक्षराअक्षराने पुरा केला की कपाट गर्रकन फिरतं आणि मागची तिजोरी उघडते. आणखी एका पेटीतून 'थिंग' नावाचा तुटका हात बाहेर येतो, बोटांतल्या चुंबकाने चेंडू उचलतो आणि पेटीत घेऊन जातो. पहिल्यांदा हे पाहणारं मूल खेळायचं विसरून जातं.

ती लहरीही आहे. अंगणाच्या खाली तीन विद्युतचुंबक दडवलेले आहेत. खेळ ऐन रंगात आला की ते जागे होतात आणि सरळ जाणारा चेंडू मधेच थरथरतो, वळतो, भलतीकडे भिरकावला जातो. तिची एक करामत तर तिच्या काळाच्या पुढची होती. एका छोट्या फ्लिपरचा ताबा ती अधूनमधून स्वतःकडे घेते. आपला फटका लागला की हुकला याची नोंद ठेवते, आणि हुकला असेल तर पुढच्या वेळी क्षणाच्या लहानशा अंशाने वेळ बदलून पाहते. १९९२ मधलं यंत्र स्वतःच्या चुकीवरून शिकत होतं.

कॅरम खेळताना स्ट्रायकर हातात असतो, विचार करायला उसंत असते. सोंगटी कुठे जाईल याचा अंदाज बांधूनच आपण फटका मारतो. पिनबॉलमध्ये चेंडू कधीच थांबत नाही, आणि तरीही कसलेला खेळाडू त्याला फ्लिपरच्या टोकावर अलगद झेलतो, स्थिर करतो आणि मग हवा तिथे पाठवतो. तो पेटीला कंबरेने हलका धक्काही देतो. तो धक्का खेळाचाच भाग आहे, पण त्याला मर्यादा आहे. पेटीच्या आत एका कड्यामधून ओळंबा लोंबत असतो. धसमुसळेपणा झाला की ओळंबा कड्याला टेकतो, 'टिल्ट' होतं आणि चेंडू हातचा जातो. किती हलवायचं आणि कुठे थांबायचं हे ज्याला कळलं, तो तिचा झाला.

आता तिचं कुळ. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये स्प्रिंगच्या दांड्याने चेंडू ढकलणाऱ्या खेळाचं पेटंट घेतलं, तिथपर्यंत मुळं जातात. मग १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन कडाक्यात, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' बाजारात आणला. दुकानाच्या काउंटरवर मावणारी लाकडी पेटी, खिळ्यांच्या रांगा, एका पेनीत मूठभर चेंडू. बेकार माणसालाही परवडणारी करमणूक. त्या पेटीची किंमत होती साडेसतरा डॉलर. आजच्या पैशांत साधारण साडेतीनशे. फ्लिपर १९४७ मध्ये गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'वर आले. त्याआधी चेंडू एकदा सुटला की खेळाडूच्या हातात फारसं काही उरत नसे.

नशिबावरचा जुगार म्हणून या कुळाला वाळीतही टाकलं गेलं. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली आणि महापौरांनी छायाचित्रकारांसमोर स्वतः घण उचलून ती फोडली. बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला शहराच्या परिषदेपुढे प्रत्यक्ष खेळून दाखवायला बोलावलं गेलं. त्याने खेळ दाखवला, आणि शेवटी प्लंजर ओढण्याआधीच सांगितलं की चेंडू मधल्या गल्लीतून जाईल. चेंडू मधल्या गल्लीतूनच गेला. हा कौशल्याचा खेळ आहे हे शहराला पटलं आणि बंदी उठली. ॲडम्स फॅमिलीची सगळी प्रतिष्ठा या फटक्याची देणेकरी आहे.

तिची उमेदीची वर्षं कष्टाची होती. ती घरासाठी जन्मलीच नव्हती. ती बारमध्ये, बोलिंगच्या दालनात, मॉलच्या आर्केडमध्ये उभी राहिली. ५० सेंटला एक खेळ द्यायची. ऑपरेटर मंडळी अशी यंत्रं विकत घेत, जागोजागी मांडत आणि जमलेली नाणी जागेच्या मालकाशी वाटून घेत. काही वर्षांत ती आपली किंमत फेडेल आणि मग बाजूला सारली जाईल, असाच हिशेब असायचा. सिगारेटचे चटके, बिअरचे डाग, वैतागलेल्या माणसांचे गुद्दे तिने सोसले. पण त्याच वर्षांत तिच्यापुढे लाखो मुलंमुली उभी राहिली. कुणी वाट पाहताना काचेच्या कडेला आपली नाणी मांडून ठेवी, म्हणजे पुढचा नंबर आपला. तिचं आजचं मोल त्या रांगेत तयार झालं.

मग दिवस फिरले. व्हिडिओ गेम घरोघरी पोचले, आर्केड ओस पडू लागले. विल्यम्सने पडद्यावरची चित्रं आणि खरा चेंडू एकत्र आणणारं 'पिनबॉल २०००' काढून शेवटचा प्रयत्न केला, पण ऑक्टोबर १९९९ मध्ये पिनबॉलचा विभागच बंद केला आणि सारं लक्ष कॅसिनोच्या यंत्रांकडे वळवलं. गॅरी स्टर्न यांनी त्याच वर्षी सेगाचा पिनबॉल विभाग विकत घेऊन स्टर्न पिनबॉल सुरू केली, आणि पुढची कित्येक वर्षं नवं पिनबॉल यंत्र नेमाने बनवणारा जगातला तो जवळजवळ एकटाच कारखाना होता. ॲडम्स फॅमिली पोरकी झाली. ऑपरेटरांनी आपली गोदामं रिकामी करायला घेतली, आणि ती थोडक्या हजार डॉलरांत कुणाच्याही गॅरेजमध्ये जाऊ लागली. जुने संग्राहक त्या वर्षांबद्दल अजून हळहळून बोलतात.

पुढे जे झालं त्यात कुणा एकाचा हात नाही. आर्केडमध्ये नाणी मांडून वाट पाहणारी ती मुलं चाळिशी-पन्नाशीत आली. त्यांच्या हाती पैसा आला, घराला बेसमेंट आलं, आणि डोळ्यांपुढे पहिली उभी राहिली ती हीच, कारण त्यांच्यातले बहुतेक हिच्यावरच खेळलेले होते. मागणी वर्षागणिक वाढत राहिली. पुरवठा बनलेल्या यंत्रांच्या आकड्यापुढे जाऊ शकत नव्हता. उलट तो घटतच होता, कारण पाण्याने कुजलेली, आगीत सापडलेली, सुट्या भागांसाठी उघडून टाकलेली यंत्रं परत येत नाहीत. मग २०२० आलं. माणसं घरात कोंडली गेली, प्रवासाचा पैसा शिल्लक राहिला, आणि घरच्या करमणुकीला अचानक भाव आला. त्याच वेळी कारखाने थंडावले, चिप मिळेनाशा झाल्या, नव्या यंत्रासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागू लागलं. नवं मिळेना म्हणून लोक जुन्याकडे वळले आणि जुन्याचे भाव उसळले. साथ ओसरल्यावर तो जोर थोडा कमी झाला, पण भाव आधीच्या पातळीवर परतले नाहीत.

तिच्या धाकट्या बहिणींच्या किमतींनीही तिला वर खेचलं. स्टर्नचं २०२३ मधलं 'फू फायटर्स' पाहा. त्याचं साधं 'प्रो' रूप ६,९९९ डॉलर, 'प्रीमियम' ९,६९९ आणि मर्यादित आवृत्ती १२,९९९. त्याच्या दहा वर्षं आधी याच कंपनीचं प्रो रूप पाच हजारांच्या आसपास मिळत असे. जर्सी जॅक पिनबॉल या दुसऱ्या कंपनीच्या 'द गॉडफादर'ची संग्राहक आवृत्ती १५,००० डॉलरला निघाली. या किमतींना कारणं आहेत. चित्रपटाचं किंवा बँडचं नाव वापरायचं तर परवाना लागतो. मोठे पडदे, उत्तम आवाज, नक्षीदार मूर्ती हव्या असतात. हजारो सुटे भाग आणि शेकडो मीटर वायर अजूनही माणसांच्या हातांनी बसवावी लागते. पण मर्यादित आवृत्तीच्या किमतीत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते: आपल्याकडे आहे ते दुसऱ्याकडे नसावं ही इच्छा. या गोष्टीचं बीज ॲडम्स फॅमिलीतच सापडतं. १९९४ मध्ये तिची सोनेरी साजाची १,००० यंत्रांची खास आवृत्ती निघाली होती.

किमतीवर उतारा आहे का? एक सापडला आहे. १९९७ च्या 'मिडिव्हल मॅडनेस' या विल्यम्सच्या लाडक्या यंत्राचे जुने नमुने सोन्याच्या भावाने जात होते. शिकागो गेमिंग कंपनीने ते यंत्र नव्याने बनवायला घेतलं, आणि मूळ यंत्रांच्या भावांची घोडदौड थांबली. ज्यांना खेळायचं होतं त्यांना खेळायला मिळालं. ज्यांना १९९७ चंच हवं होतं त्यांनी त्याचे जास्त पैसे दिले. हे मला न्यायाचं वाटतं.

विकत घेण्याची किंमत ही पहिली पायरी झाली. तिला सांभाळणं हे स्वतंत्र व्रत आहे. तिच्या मुख्य बोर्डावर तीन साधे पेन्सिल सेल बसवलेले असतात, गुणांचे विक्रम लक्षात ठेवण्यासाठी. ते विसरले गेले की पाझरतात आणि त्यांचं क्षाराळ पाणी बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतं. दोन-चार डॉलरच्या सेलपायी शेकडो डॉलरचा बोर्ड जातो. चेंडूचंही तसंच. नवा चेंडू दोन-तीन डॉलरला मिळतो, पण ओरखडे पडलेला जुना चेंडू पॉलिशपेपरसारखा रंग घासत सुटतो, आणि अंगणाची रंगवलेली फळी एकदा झिजली की बदलीची फळी हजार डॉलरच्या घरात जाते. ती बसवायची म्हणजे प्रत्येक दिवा, प्रत्येक स्विच, प्रत्येक कॉइल काढून पुन्हा जोडायची. सुट्टीच्या दिवसांत हे काम करणाऱ्याचे आठवडेच्या आठवडे त्यात जातात. फ्लिपर मलूल झाले तर त्यांचे झिजलेले सांधे बदलावे लागतात. रबराची कडी सुकून तडकतात. आणि घरी येऊन हे सारं करणारे जाणते कारागीर आता वयस्क होत चालले आहेत. म्हणून ज्याने स्वतः सोल्डरिंग शिकून घेतलं त्यालाच ती परवडते.

ज्यांनी शिकून घेतलं त्यांना मात्र ती भरभरून देते. काच सरकवून, फळी उभी करून तिचं पोट उघडलं की खाली रंगीबेरंगी वायरींच्या सुबक जुड्या, तांब्याच्या कॉइल, लहान-मोठे पट्टे आणि दांडे दिसतात. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळे असतात: एक जोरदार फटक्यासाठी, दुसरा बटण दाबून धरलं तर फ्लिपर न तापता वर राहावा यासाठी. फटका पुरा होताच जोरदार प्रवाह कमी होतो. हे साधं, स्वच्छ शहाणपण आहे आणि ते डोळ्यांना दिसतं. आजच्या किती यंत्रांबद्दल असं म्हणता येईल? बारा वर्षांची मुलगी तिच्या पोटात डोकावून वीज आणि चुंबक यांचं नातं जेवढं समजून घेईल, तेवढं पुस्तकातल्या आकृतीवरून क्वचितच कळेल.

मुद्दा पैशांचा आहे, तर पैशांचाच हिशेब मांडू. दहा हजार डॉलर म्हणजे ५० सेंटच्या दराने २०,००० खेळ. घरात रोज दोन खेळ झाले तर ते पुरे व्हायला २७ वर्षं लागतील. एका माणसाच्या एकांतातल्या खेळाने ही किंमत कधीच फिटत नाही. मित्र जमले, शेजारची मुलं आली, चार जणांनी आळीपाळीने खेळायला सुरुवात केली, तरच आकडा हलतो. तिच्या बांधणीतच हे आहे. एका वेळी चौघांचे गुण मांडायची सोय तिच्यात पहिल्या दिवसापासून आहे.

महागाईने तिच्यावर नेमका इथे घाला घातला आहे. किंमत वाढली की मालकाचा हात आखडतो. ओरखडा पडेल म्हणून मुलांना दूर ठेवलं जातं. 'फक्त घरी वापरलेलं, खेळ अगदी कमी' हे जाहिरातीतलं मोठं भूषण ठरतं. पेटीतून न काढलेलं यंत्र आणखी महाग विकलं जातं. तिकडे बारचा मालक आणि ऑपरेटर हिशेब करतात: सात हजार डॉलरचं नवं यंत्र, एका डॉलरला एक खेळ, त्यातला अर्धा वाटा जागेचा; म्हणजे नुसतं मुद्दल निघायला १४,००० खेळ हवेत, दुरुस्ती वेगळी. गेल्या काही वर्षांत आर्केड-बार पुन्हा उभे राहिले, लीग आणि स्पर्धा जोमाने भरू लागल्या, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण प्रत्येक भाववाढीबरोबर त्यांचं गणित अवघड होत जातं.

ॲडम्स फॅमिली महाग झाली ती दुर्मीळ होती म्हणून नव्हे. वीस हजार ठिकाणी, कुणालाही, खिशातल्या नाण्यांवर ती भेटली, म्हणून ती एका पिढीच्या मनात बसली आणि त्या पिढीने तिचा भाव वाढवला. आज बेसमेंटमध्ये बंद असलेलं यंत्र कुणा नव्या मुलाच्या मनात बसत नाही. पंचवीस वर्षांनी त्याची ओढ कुणाला वाटणार? ज्यांनी गुंतवणूक म्हणून ती घेतली आहे त्यांनीही याचा विचार करावा. खेळणारे संपले की भावही संपतो.

भारतात ती आणणं आणखी कठीण. सव्वाशे किलोची पेटी, जहाजाचं भाडं, आयात शुल्क, आणि इथे आल्यावर दुरुस्तीला माणूस नाही. विजेची अडचण मात्र नाही; युरोपात विकली गेल्यामुळे तिच्या ट्रान्सफॉर्मरला आपला २३० व्होल्टचा दाबही जोडून देता येतो. पण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला ती दूर नाही. न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर सिल्व्हरबॉल आहे. तिथे वेळेचे पैसे भरून हवे तितके खेळ खेळता येतात, आणि एडिसनहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. लास व्हेगासला पिनबॉल हॉल ऑफ फेम आहे. तिथली शेकडो यंत्रं अजून नाण्यांवर चालतात. मुलांना घेऊन जा, सुटी नाणी बरोबर ठेवा आणि हिच्यापुढे उभे राहा.

त्यानंतरही ती घरी आणावीशी वाटली तर जरूर आणा. सेल बदला, चेंडू बदला, सोल्डरिंग शिका आणि दार उघडं ठेवा. खेळून झिजलेली ॲडम्स फॅमिली दहा हजार डॉलरला महाग नाही. न खेळलेली, कुठल्याही भावात महागच.